रूळ संपतात तिथलं दार

मुलगी रेल्वेच्या गावात दिली, असं वडिलांनी देऊळगाव राजात भेटेल त्याला सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आणि आमच्याकडे जालन्याची किंवा बुलढाण्याची एसटी सोडली तर दुसरं वाहन कुणी वापरत नव्हतं. बालाजीच्या देवळात बायका आईला म्हणायच्या, "तुमचं बरं झालं बाई, पोरगी गाडीत बसली की सकाळी मुंबईत." मैत्रिणींना माझा हेवा वाटला. कुणी आपला हेवा करावा याचं सुख मला तेवढ्याच दिवसांत मिळालं. पुढे मी दुसऱ्यांचाच करत आले.

सासर खामगावचं, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. लग्नाच्या आठवड्यातच सासूबाई मला स्टेशनच्या नळावर घेऊन गेल्या. मी विचारलं, "आत्याबाई, मुंबईला जाणारे रूळ कोणते?"

त्यांनी कमरेवरची कळशी खाली ठेवली आणि हसल्या. "मुंबईचे रूळ जलंबले हायेत. हे आपले इथंच सरतात."

खरंच सरत होते. फलाट संपला की थोडं पुढे जाऊन रूळ लाल रंग दिलेल्या एका जाड ओंडक्याला टेकले होते. ओंडक्यामागे मातीचा ढिगारा, ढिगाऱ्यावर बाभळीचं झुडूप आणि झुडपाला तोंड लावलेली एक शेळी. मुंबई-नागपूरची मोठी लाइन जलंबवरून जायची. तिथून एक फाटा इंग्रजाच्या काळात खामगावचा कापूस न्यायला काढला होता. तो कापसापर्यंत आला आणि थांबला. पुढे जायचं त्याला कारण नव्हतं. एक छोटी गाडी जलंबहून यायची, उभी राहायची आणि आली तशी परत जायची. मी त्या ओंडक्याकडे बघितलं आणि मोठ्या लाइनीवरच्या शेगाव, मलकापूर, नांदुऱ्यात दिलेल्या सगळ्या मुलींचा मला एकदम राग आला.

पण एक सांगते. ज्या गावावरून गाडी नुसती जाते, त्या गावाला तिचा उपयोग थोडाच. ती येते, शिट्टी मारते, जाते. आमच्याकडे ती राहायची. इंजिन खड्ड्यावर उभं राहून राख पाडायचं, तिच्यात अर्धा जळालेला कोळसा निघायचा आणि गल्लीतल्या बायका तो चाळून शेगडीसाठी न्यायच्या. थंडीत ड्रायव्हर खुशीत असला तर इंजिनाचं कढत पाणी बादलीत सोडायचा. ढिगाऱ्याच्या पलीकडे बाद झालेले जुने लाकडी डबे पडलेले असत. त्यांचा लिलाव व्हायचा, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांचं लाकूड शिरलेलं होतं. कुणाच्या अंगणात डब्यातला बाक, कुणाच्या खिडकीला डब्याची झडप. चहावाल्याच्या कपबशा डब्यातल्या सामानाच्या फळीवर मांडलेल्या.

आणि मुख्य म्हणजे उभी गाडी. दुपारी आलेली गाडी थेट दिवेलागणीला निघायची, जलंबला मुंबईच्या गाडीसाठी माणसं पोचवायला. तोवर डबे रिकामे. बाहेर कडुनिंबाची सावली आणि खिडक्यांतून आरपार वारा. गल्ली तिथे बसायला जायची. कुणी कुठे बसायचं हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण ठरलेलं होतं. जलंबच्या बाजूचा डबा मॅट्रिकच्या पोरांचा. मधल्यात म्हातारे पत्ते कुटायचे. त्याला लागून बायकांचा, तिथे डाळ-तांदूळ निवडणं चालायचं. ओंडक्याजवळचा शेवटचा डबा, जो निम्मा फलाटाबाहेर उभा असायचा, तो नव्या जोडप्यांचा. तिकडे म्हातारे फिरकत नसत, आणि पोरं फिरकली तर म्हातारे त्यांच्यावर ओरडत.

उतरायची खूण एकच होती. शिट्टीला कुणी किंमत देत नसे, कारण कापसाच्या दिवसांत मालाचे डबे इकडून तिकडे ओढताना इंजिन दुपारभर शिट्ट्याच मारायचं. पाणी भरून, राख टाकून झालं की ते बाजूच्या रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि निघायच्या थोडं आधी जलंबच्या बाजूने येऊन लागायचं. लागलं की सगळ्या गाडीला धक्का बसायचा. पत्ते सांडायचे, सुपातली डाळ उडायची. धक्का बसला की उतरायचं. चपला शोधून, राहिलेलं बोलणं संपवून उतरायला वेळ पुरायचा. आमच्या गल्लीतल्या लेकराला हे पाय फुटण्याआधी कळत असे.

आता घराचं सांगते. पुढे बैठक, तिथे सासरे झोपायचे; मध्ये स्वयंपाकघर, मागे ओसरी आणि एका बाजूला एक खोली. आतून कडी लागेल असं दार घरात त्या खोलीलाच होतं. मी आले तेव्हा खोली आम्हाला मिळाली. पुढच्या वर्षी दिराचं लग्न ठरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थोरले, दिवाळीलोक खोली त्याइले देऊ. नवं लगन हाय. दिवाळी झाली का तुमची तुमाले." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आम्ही ओसरीत आलो. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सासूबाईंचा खोकला.

दिवाळी आली. पणत्या लागल्या, चकल्या संपल्या, तुळशीचं लग्न झालं. खोलीचं नाव कुणी काढेना. मग मी एका सकाळी माझी पेटी उचलली आणि खोलीच्या दाराशी नेऊन ठेवली. म्हटलं, बघू कुणाला काही आठवतं का. तासाभराने जाऊ ती डोक्यावर घेऊन ओसरीत आली.

"जाऊबाई, तुमची पेटी चुकून तिकडं राह्यली होती."

चुकून! पेटी काय आपल्या पायाने गेली होती?

ही जाऊ पिंपळगाव राजाची. तिच्याबद्दल तक्रार करावी म्हटलं तर हाताला काही लागत नसे. कामाला चटपटीत, भाकरी माझ्याहून पातळ, सासूबाईंच्या पायाला तेल लावायचं ते न सांगता लावायची. माझ्या बोलण्याला घरात सगळे हसत, मी 'करायले, जायले' बोलायची म्हणून. ती 'करून राह्यले, जाऊन राह्यले' बोलायची म्हणजे त्यांच्यातलीच. खोली तिच्याकडे होती तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण तिला दारही होतं आणि गाडीही.

दीर नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. चारच्या पुढे तो घरी यायचा, चहा घ्यायचा आणि बाहेर जाऊन उगाच खाकरायचा. लगेच आतून जाऊ पदर नीट करत निघायची. सासूबाई विचारायच्या, "कुठं?" ती म्हणायची, "हवा खाऊन येतो जराशीक." सासूबाई म्हणायच्या, "जा. पण धक्का बसला का उतरा." आणि मी परातीत ज्वारीचं पीठ घ्यायची.

परत आली की तिच्या केसांत वारा असायचा. आणि तोंडावर तिकडचंच हसू, अजून न संपलेलं. चुलीपुढे बसून भाकरी उलटता उलटता ती मध्येच आठवून खुदकन हसायची. मला तो आवाज फोडणीच्या ठसक्यासारखा लागायचा.

एकदा मी विचारलंच. "काय बोलता एवढं दोघं?"

"काय बी. ते शाळेतल्या गंमती सांगतेत. हेडमास्तरची नक्कल करतेत."

"आणि तू?"

"म्या? म्या हासतो." असं म्हणून ती पुन्हा हसली.

माझा नवरा कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये. बैलगाडीवरचा कापूस मुठीत घेऊन, धागा ओढून तो कसला आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. हंगामात सकाळी जायचा तो अंधार पडता यायचा. केसांत, भुवयांवर, कानांत कापूस. हातपाय धुवायचा, जेवायचा, झोपायचा. वाईट बोलत नसे, कारण बोलतच नसे. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते पडद्याअलीकडे, हळू आवाजात, आणि मध्येच पलीकडून सासूबाई विचारायच्या, "काय म्हणून राह्यली ते?"

मी त्याला एकदा म्हटलं, "आपणही बसू एखाद्या दिवशी गाडीत."

"कुठं जायचं हाय?"

"कुठं नाही. नुसतं बसू."

"कुठं जायचंच नाही तं गाडीत काऊन बसायचं?"

अडचण अशी की मलाही तसंच वाटायचं. मी काही चांदण्यात रमणारी बाई नव्हे. पण शहाणपणाची गोष्ट आपल्या वाट्याला आणि मजेची जावेच्या वाट्याला, ही वाटणी मला पटत नव्हती.

तो दिवस असा आला, की प्रेसचा बॉयलर बिघडला आणि नवरा दुपारीच घरी आला. दीर शाळेच्या कामाला बुलढाण्याला गेलेला, म्हणजे जाऊ घरातच. मी मनाशी म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. नुसतं बसायला चला म्हटलं तर हा येणार नाही, हे माहीत होतं. म्हणून चहा देताना मोठ्याने म्हणाले, "आत्याबाईंना टेकायला एक बाक पाहिजे आहे. ढिगाऱ्यामागे लिलावाचे डबे येऊन पडलेत. बघून यायचं का?"

सासूबाई सुपारी कातरत होत्या. "बाक? म्या कवा म्हटलं?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अडकित्ता थांबवला आणि म्हणाल्या, "म्हटलं असन बाप्पा. वय झालं आता."

जाऊ म्हणाली, "जा तुमी जाऊबाई, भाकरी म्या टाकतो." तिने इतक्या मोकळेपणाने म्हटलं की त्याचाही मला राग आला. जिच्याकडे रोजचं आहे तिला एक दिवस सोडायला काय जातं?

ढिगाऱ्यामागे नवरा खुलला. लाकूड, कापूस, लोखंड दिसलं की त्याचे हात चालू लागत. त्याने डब्याच्या फळ्यांवर बोटांनी ठोकून पाहिलं, नखाने रंग खरवडला. "सागवान हाय. याले वाळवी नाही लागणार." एका डब्याचं दार निम्मं निखळून लोंबत होतं. त्याची कडी त्याने दोनदा लावली, दोनदा काढली. "कडी पाह्य कशी बसते. आताचे लोहार नाही करत अशी."

"बाक बघायला आलो आहोत," मी म्हटलं.

"बाक सारे तुटेल हायेत."

"मग जरा टेकू गाडीत. पाय दुखायले माझे."

"दुखून राह्यले म्हण," तो म्हणाला. हा त्याचा विनोद. वर्षातून एक-दोन व्हायचे.

शेवटचा डबा रिकामाच होता. आम्ही समोरासमोर बसलो. मी ठरवून गेले होते की आज खोलीचं विचारायचं. पण त्याने बॉयलरचं काढलं. कुठली नळी फुटली, कुणी आधीच सांगितलं होतं, मालकाने कसं ऐकलं नाही. मी हुं हुं करत राहिले आणि मनात म्हणत राहिले, जाऊ इथे हेडमास्तरांच्या नकला ऐकते आणि मी बॉयलर. शेजारच्या डब्यातून गल्लीतल्या मावशींचा आवाज येत होता. त्या सुपात तुरीची डाळ घेऊन आल्या होत्या आणि कुणाच्या तरी सुनेला नावं ठेवत होत्या. इंजिन कुठेतरी शिट्ट्या मारत होतं. सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

मग कडुनिंबाची फांदी खिडकीतून मागे सरकली.

आधी मला वाटलं, वारा. मग कडुनिंबाचा बुंधाही सरकला. नवरा बोलता बोलता थांबला. "धक्का तं बसलाच नाही," तो म्हणाला. शेजारच्या डब्यातही एकदम तेच ओरडणं. "अवं, धक्का नाही बसला! धक्का नाही बसला!" जसं काही तेवढं ओरडलं की गाडी थांबून आधी धक्का देणार होती.

नंतर कळलं ते असं. बाजूचा रूळ त्या दिवशी कापसाच्या गाठींच्या डब्यांनी भरून जायचा होता, म्हणून गाडी आल्याआल्याच इंजिन पलीकडे नेऊन जोडून टाकलं होतं. शिट्ट्या ऐकू येत होत्या त्या गाठींच्या डब्यांच्या दुसऱ्या इंजिनाच्या. आम्ही सगळे येऊन बसलो त्याच्या कितीतरी आधी धक्का बसून गेला होता. बाहेरगावचा माणूस शिट्टी ऐकून, झेंडी बघून उतरला असता. आम्ही खामगावचे, आम्ही धक्क्याची वाट बघत बसलो.

मी दाराकडे धावले. नवऱ्याने माझा हात धरला. "बस. पडशील." दिवसाउजेडी त्याने माझा हात धरला तो असा, पडू नये म्हणून.

जलंबच्या फलाटावर आम्ही सगळे उतरलो तेव्हा बघण्यासारखं होतं. म्हाताऱ्यांच्या हातात अजून पत्ते. ते एकमेकांना म्हणत होते, "तू खिडकीकडं बसला होता बे, तुले नाही दिसलं?" पोरं मात्र खूश. मावशी सूप सांभाळत तिकीट तपासनिसापुढे उभ्या राहिल्या.

"हे काय, खामगावचे बसेच दिसून राह्यले सारे," तो म्हणाला. आमच्या बसण्याची कीर्ती तिथवर गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"बापू, माह्या संगं माही डाळ बी विनातिकिटाची आली," मावशी म्हणाल्या.

"डाळीले माफी हाय मावशी. खड्याचं तिकीट लागन."

त्याने कुणाला काही केलं नाही. आमचीच गाडी मुंबईची गाडी येऊन गेली की परत जाणार होती, तिच्यात बसा म्हणाला. म्हणजे मध्ये बराच वेळ होता. नवऱ्याने चहा आणला आणि आम्ही एका बाकावर बसलो. शेजारच्या बाकावर मावशी डाळ निवडत होत्या. हात डाळीत, कान आमच्याकडे.

मुंबईची गाडी आली. केवढी लांब! एका खिडकीत एक बाई लेकराची वेणी घालत होती, हातात कंगवा, तोंडात फीत. तिने एकदा बाहेर पाहिलं, जलंब वाचलं आणि पुन्हा वेणीला लागली. तिला कुठे उतरायची घाई नव्हती. तिचा हेवा मी चहाबरोबर गिळला. गाडी निघून गेली, फलाट मोकळा झाला, आणि मी विचारलं.

"आपली खोली कधी मिळणार?"

"कोणती खोली?"

"दाराची."

"ते?" त्याने बशीत चहा ओतला. "ते तं म्या त्याले देऊन टाकली."

"कधी?"

"लग्नातच. आई म्हणे दिवाळीलोक. म्या म्हटलं, राहू दे आता त्याच्याकडंच. लहाना हाय. अन् म्या तं हंगामात झोपाले तेवढा घरी येतो. आपल्याले काय लागते?"

मावशींचे हात डाळीत थांबले.

"आपल्याला काय लागतं ते मला कुणी विचारलं?"

"तू तं काही म्हणत नव्हती."

खरं होतं. मी म्हटलं नव्हतं, पेटी सरकवली होती. आणि पेटीचा अर्थ या माणसाला कळणार नव्हता, त्याला कापसाचा कळत होता. दिवाळीपासून मी जावेवर धुमसत होते, आणि खोली देणारा माझ्या शेजारी बसून फुंकर घालून चहा पीत होता.

आता यानंतर जावेचा हेवा संपायला हवा होता. तिने माझं काही घेतलंच नव्हतं. पण झालं उलटंच. तोवर मला वाटायचं, तिने गोड बोलून खोली पटकावली. आता कळलं की तिने मागितलीसुद्धा नव्हती, कुणीतरी तिच्यासाठी आपण होऊन दिली. हे जास्त झोंबलं. मला आयुष्यात कुणी आपण होऊन काही दिलेलं आठवेना. आठवून पाहिलं, तरी आठवेना.

मी म्हटलं, "खोली राहू द्या त्यांना. दिलेली परत मागायची नाही. मला दार पाहिजे. आतून कडी असलेलं."

"ओसरीले?"

"ओसरीला. पडद्याच्या जागी भिंत आणि भिंतीत दार."

त्याने चहा संपवला. रिकाम्या कपात पाहिलं, बशीत कप ठेवला. मावशी डाळीतला एक खडा हातात धरून बसल्या होत्या, तो टाकायचं विसरून गेल्या होत्या.

मग म्हणाला, "सागवान चालन?"

मावशींनी खडा टाकला.

खामगावला उतरलो तेव्हा फलाटावर सगळी गल्ली जमली होती. सासूबाई पुढे. "भेटला का बाक?" त्यांनी विचारलं.

"दार भेटलं," नवरा म्हणाला आणि पुढे चालायला लागला.

जाऊ माझ्या बाजूने चालत होती. तिच्या हाताला पीठ होतं, सबंध घराच्या भाकऱ्या तिने एकटीने टाकल्या होत्या. तिने हळूच विचारलं, "जाऊबाई, मुंबईची गाडी पाह्यली तुमी? खरंच?"

"पाहिली. चांगली लांब होती."

"अन् चहा बी पेल्या म्हणे?"

"मग? बाकावर बसून."

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "आमाले तं कवा नेलं नाही जलंबले. नुसतं बसवतेत अन् उतरवतेत."

त्या रात्रीची भाकरी मला फार गोड लागली.

दाराचं मात्र सोपं नव्हतं. लाकडाचं झालं पटकन. लिलावात तो मोडका डबा ज्याने घेतला त्याला नवरा ओळखत होता, आणि निखळलेलं दार त्याला नकोच होतं. अडलं ते सासूबाईंपाशी. "ओसरीले दार कराल तं लोक काय म्हणतीन? भाऊ येगळे निंघाले म्हणतीन. दुसरं दार म्हणजे दुसरी चूल, हे साऱ्याइले समजते."

"चूल एकच राहील, आत्याबाई," मी म्हटलं. "भाकरी आम्ही दोघी एकाच तव्यावर टाकू. पण दार पाहिजे."

मी त्यांच्यापुढे एवढं सरळ कधी बोलले नव्हते. जाऊ चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. दीर म्हणाला, "वहिनी, तुमाले पाह्यजे असन तं खोली घ्या ना." तो मनापासून बोलला. आणि मी बघितलं, जावेचा हात पिठात तसाच थांबला. तिलाही आता कळलं, दार जायची भीती काय असते ते. मला 'घेते' म्हणता आलं असतं. पण मोकळी करून दिलेली खोली मला नको होती. मला माझं दार हवं होतं.

मामंजी, म्हणजे सासरे, बैठकीत पेपर वाचत होते. घरात वाद झाला की ते पेपर वर धरायचे. त्या दिवशी त्यांनी तो खाली केला.

"ते दार कायचं हाय?"

"रेल्वेच्या डब्याचं," नवरा म्हणाला.

"मंग झालं. ते काही घराचं दार नोहे. कोणी पुसलं तं सांगा, लिलावाचं लाकूड ठेवाले जागा नोहती, म्हणून उभं करून ठेवलं." आणि पेपर पुन्हा वर गेला.

आठवड्याभरात विटांची आडवी भिंत उभी राहिली आणि तिच्यात डब्याचं दार बसलं. सुताराने त्याची उंची थोडी कापली. वरच्या बाजूला झडपेची खिडकी होती, ती तशीच ठेवली. रेल्वेने रंगवलेला आकडा आतल्या बाजूला राहिला, तोही मी खरवडू दिला नाही. कडी आतून. लावली की तिचा जो आवाज यायचा तो मला फार आवडायचा. पहिल्या दिवशी मी ती दुपारी उगाचच चार वेळा लावून पाहिली.

इथे थांबलं तर गोष्ट चांगली दिसेल, पण तसं झालं नाही. पुढे मी नवऱ्याला म्हटलं, "परत एकदा जाऊ गाडीत बसायला. या वेळी धक्का बघून उतरू." त्याने माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं.

"आता तं दार हाय. गाडीत काऊन बसायचं?"

तो गेला नाही, मीही गेले नाही. जाऊ आणि दीर मात्र जात राहिले, पुढे तिला लेकरं झाली तेव्हा लेकरांना घेऊन. शेवटच्या डब्यातून त्यांची बदली बायकांच्या डब्यात झाली, एवढाच फरक. आता आम्हा दोघींचे केस पिकायला लागलेत, आणि संध्याकाळी ती वाऱ्याने विस्कटलेली घरी आली की मला अजून जरा लागतंच.

पण दार बसलं त्या पहिल्या आठवड्यातली एक संध्याकाळ माझी आहे. नवरा प्रेसमध्ये होता. मी आत एकटीच, दार लावून, काही न करता बसले होते. स्टेशनकडून धक्क्याचा आवाज आला, थोड्या वेळाने अंगणात चपला वाजल्या, आणि दारावर थाप पडली.

"जाऊबाई? काडेपेटी हाय का तुमच्याकडं?"

माझ्या दारावर पडलेली ती पहिली थाप. काडेपेटी माझ्या हाताशीच होती. मी लगेच उघडलं नाही.